लोणार : खाऱ्या पाण्याच्या अभ्यासाची गोष्ट

२०२० चा जून महिना. शाळा बंद होत्या, रस्ते ओस पडले होते. त्या सक्तीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक पाणथळ जागांच्या परिसंस्थेवरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम करीत होतो. मोबाइलच्या पडद्यावर दूरदेशीच्या दलदली दिसत. त्यांत लव्हाळे, मासे, बगळे असत आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नावली असे. एका पाठाचा स्वाध्याय असा होता : आपल्या जवळची एक पाणथळ जागा निवडा आणि तिथली अन्नसाखळी काढा. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याने दुसरे काय निवडावे? आम्ही लोणारचे सरोवर निवडले, आणि नेमके त्याच सुमारास सरोवराचे पाणी गुलाबी झाले.

जाऊन पाहण्याची सोय नव्हती. जे पाहिले ते पडद्यावरच. लँडसॅट-८ या कृत्रिम उपग्रहाने २५ मे व १० जून रोजी घेतलेली दोन चित्रे आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिल्यात गोल हिरवट ठिपका होता. सोळा दिवसांनंतरच्या दुसऱ्या चित्रात तोच ठिपका गुलाबी होता. लोक चमत्कार म्हणत होते, कोणी लोणासुराचे रक्त म्हणत होते. आमच्याजवळ वेळ भरपूर होता. तेव्हा आम्ही स्वाध्याय बाजूला ठेवला आणि या पाण्याविषयी आजवर कोणी काय काय लिहून ठेवले आहे ते शोधू लागलो. शोधता शोधता एक गंमत ध्यानात आली. लोणारचा अभ्यास दुरून करणारे आम्ही काही पहिले नव्हतो. या पाण्याविषयी आज जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे ज्ञान लोणारहून काहीतरी उचलून दूर नेऊन मिळवलेले आहे. कोणी खार नेला, कोणी दगड नेले, कोणी गाळ नेला. आणि ज्याने जे नेले, त्याला त्यापुरतेच उत्तर मिळाले.

सुरुवात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून करू. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये वऱ्हाडातील मेहकर सरकारची माहिती देताना लोणारचा उल्लेख केला आहे. उंच टेकड्यांनी वेढलेले खोल तळे, पाणी खारे, आणि त्यातून काच व साबण यांना लागणारा माल निघतो, असे तो सांगतो. या मालापासून सरकारला चांगला महसूल मिळे हेही तो नोंदवतो. टेकडीवरच्या झऱ्याच्या तोंडाशी कोरलेल्या बैलाचा उल्लेखही त्यात आहे. आजही काठावर गोमुखातून पडणारी ‘धार’ बारमाही वाहते, तेव्हा हे वर्णन तिचेच असावे असे आम्हाला वाटते. एक वाक्य मात्र कोड्यात टाकते : तळे खारे आहे, पण मध्यभागी किंवा कडेला पाणी घेतल्यास ते गोड लागते! कडेचे समजते, कारण विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत. सरोवराकाठच्या ‘सासू-सुनेच्या विहिरी’त एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट असते असे गावकरी सांगतात, तेही याच कारणाने. मध्यभागी गोडे पाणी कुठून आले ते अबुल फजलच जाणे. पण गोडे आणि खारे पाणी येथे हातभर अंतरावर नांदते ही मुख्य गोष्ट चारशे वर्षांपूर्वी लिहिली गेली होती.

खार काढणाऱ्यांचे ज्ञान याहून बारीक होते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठाच्या चिखलावर व पाण्याखाली क्षारांचे थर जमत, आणि मजूर ते गोळा करीत. या थरांना त्यांनी निरनिराळी नावे दिलेली होती : दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणता खार कडक, कोणता भुसभुशीत, कशात मीठ अधिक आणि कोणता कोणत्या धंद्याला चालतो हे नावावरून कळे. आमच्या मते हे लोणारच्या पाण्याचे पहिले रासायनिक वर्गीकरण होय. ते परीक्षानळीवाचून, जिभेने आणि बोटांनी केलेले होते, एवढाच फरक.

पुढे इंग्रज अंमलात भूवैज्ञानिक आले. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेचे वेगळेपण नोंदवले, आणि १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ला टूश यांचा लोणारच्या भूरचनेवरील लेख आला. त्याला ख्रिस्टी या रसायनतज्ज्ञाने येथील सोड्याविषयी टिपण जोडले होते. हे ख्रिस्टी मोठे चिकित्सक गृहस्थ. राजपुतान्यातील खाऱ्या तळ्यांत मीठ कोठून येते याचा मागही त्यांनी याआधी हॉलंड यांच्याबरोबर घेतला होता.

खार कोठून येतो हा प्रश्न वर्गात घेण्याजोगा आहे. समुद्र तर तीनशे किलोमीटरहून दूर. मग एवढा सोडा आला कोठून? उत्तर पायाखालच्या काळ्या पाषाणात आहे. बेसाल्टमध्ये सोडिअम व कॅल्शियम असलेली खनिजे असतात. पावसाच्या पाण्यात हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, असे किंचित आम्लधर्मी पाणी दगडातून झिरपताना ही खनिजे कणाकणाने झिजवते, आणि सोडिअम, कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन झऱ्यांवाटे बाहेर पडते. असे पाणी तुमच्या आमच्या विहिरीतही असते. पण विहिरीचे, नदीचे पाणी पुढे वाहून जाते. लोणारच्या विवराला बाहेर जाणारी वाटच नाही. पाणी आत येते आणि फक्त वाफ होऊन जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

मग पाणी आटत आटत दाट होते. सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाही. येथेच खरी मेख आहे. आलेल्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा बायकार्बोनेट अधिक असेल तर कॅल्शियम संपल्यावरही कार्बोनेट शिल्लक उरते आणि ते सोडिअमच्या सोबतीने पाण्यात राहते. सोडिअम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. म्हणून लोणारचे पाणी केवळ समुद्रासारखे खारट नाही, ते बुळबुळीत लागते. त्याचा सामू साधारण दहाच्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सात. तीनचाच फरक म्हणून विद्यार्थी तो किरकोळ समजतात. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते, तेव्हा हा फरक हजारपट झाला, हे फळ्यावर मांडून दाखवावे.

यानंतर बराच काळ संशोधकांचे लक्ष पाण्यावरून उडून खड्ड्याकडे गेले. ही कथा अनेकांना माहीत असल्याने थोडक्यात सांगतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, काठापासून जवळजवळ दीडशे मीटर खोल असा हा गोल खड्डा ज्वालामुखीचा, असेच पूर्वी बहुतेकांचे मत होते. सगळा प्रदेशच लाव्हारसाचा, तेव्हा तसे वाटणे स्वाभाविकच. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य दाखवले, आणि ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष काढला. साम्य बरोबर होते, निष्कर्ष चुकला होता. दोन्ही विवरे अशनी आदळून झालेली आहेत. लोणारविषयीची शंका १९६४ मध्ये लाफाँ व डीट्झ यांनी उघड मांडली, आणि पुरावा मिळाला तो १९७३ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या संशोधकांनी सरोवराच्या तळाला भोके पाडून खडकांचे नमुने काढले. सुमारे शंभर मीटर गाळाखाली त्यांना मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता केवळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे होते, त्याला हे नाव आहे. ज्वालामुखीत असा धक्का बसत नाही. चंद्रावरून आणलेले बेसाल्टचे दगड तेव्हा प्रयोगशाळांत नुकतेच पोचले होते, आणि बेसाल्टमध्ये झालेले अशनिविवर पृथ्वीवर फार दुर्मिळ. त्यामुळे लोणारचे नाव जगभर झाले.

वयाविषयी एक सूचना करावीशी वाटते. पुष्कळ पुस्तकांत विवराचे वय पन्नास-बावन्न हजार वर्षे असे छापलेले आढळते. तो आकडा १९९७ मधील तापदीप्ती पद्धतीच्या मोजणीचा. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, म्हणजे जवळजवळ अकरापट! वर्गात सांगताना दोन्ही आकडे व दोन्ही पद्धती सांगाव्यात हे उत्तम.

एवढे सगळे होईपर्यंत पाण्यात राहतो कोण हा प्रश्न मागेच राहिला होता. आमच्या स्वाध्यायाची अडचणही तीच. अभ्यासक्रमात दिलेल्या नमुन्यात वनस्पती, त्यावर कीटक, त्यावर मासा, त्यावर बगळा अशी शिडी होती. या खाऱ्या पाण्यात माशांची पायरी कशी मांडायची? मासा नाही, कमळ नाही, बेडकाची अंडीही नाहीत. मग हे पाणी मृत म्हणायचे काय?

मुळीच नाही. एरवी सरोवर हिरवे दिसते ते नीलहरित शैवालामुळे, विशेषतः स्पिरुलिना या नावाने बाजारात ज्याच्या गोळ्या मिळतात त्याच्या जातभाईंमुळे. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्प्रिंगसारखे पीळदार दिसते. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ऊन भरपूर, आणि हे पाणी सोसणारे प्रतिस्पर्धी थोडे. अशा ठिकाणी थोड्या जातींची अफाट वाढ होते. पूर्व आफ्रिकेतील सोडा सरोवरांत हेच घडते, आणि तेथे लाखो छोटे रोहित पक्षी या शैवालावर जगतात. जाती थोड्या म्हणजे जीवन थोडे, असा जो आपला समज असतो तो येथे चुकतो.

शैवालाच्या दाट सायीखाली उजेड पोचत नाही. तळाच्या गाळात प्राणवायू नाही. तेथे मेलेले शैवाल कुजते, आणि काठावर उभे राहिले की सडक्या अंड्याचा जो वास येतो तो तेथल्या जीवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. २००६ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी येथील सूक्ष्मजीवांच्या जनुकांवरून त्यांची ओळख पटवली तेव्हा प्रयोगशाळेत न वाढणारे कितीतरी गट समोर आले. गाळात मिथेन वायू तयार करणारे जीव आहेत हे कळले. मग तो मिथेन खातो कोण? २०१० मध्ये पुणे व इंग्लंड येथील संशोधकांनी मिळून यासाठी एक सुरेख युक्ती वापरली. लोणारच्या गाळाला त्यांनी नेहमीच्या कार्बनऐवजी जड कार्बन असलेला मिथेन दिला. ज्या जीवाणूंनी तो खाल्ला त्यांचे डीएनए जड झाले. जड व हलके डीएनए फिरत्या यंत्रात वेगळे करता येतात. जड कोणाचे झाले ते पाहिले, की खाणारा सापडला!

आमच्या अन्नसाखळीत मग माशाच्या जागी सूक्ष्मजीव आले, आणि शिडीऐवजी एक गोल तयार झाला. त्याच्या बाहेर, काठावर, शेकाट्या व चक्रवाक उभे राहिले. अभ्यासक्रमाच्या परीक्षकांनी त्याला किती गुण दिले ते सांगत नाही.

गाळाने आणखी एक गोष्ट सांगितली. सरोवराच्या तळातून काढलेला सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ जर्मनी व भारतातील संशोधकांनी तपासला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांच्या पावसाची नोंद आहे. काही थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक सापडतात. सरोवर फार आटले, पाणी फार दाट झाले, तरच ते बनतात. त्यावरून दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसले : एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हा दुसरा काळ वाचून आम्ही थबकलो. विवराच्या काठावरची व आतली जुनी देवळे उभी राहिली ती याच काळाच्या उत्तरार्धात.

आता गुलाबी रंगाकडे येऊ. त्या जूनमध्ये वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारविषयीचे प्रकरण चालू होते, तेथेही हा विषय निघाला. नमुने तपासणाऱ्या संस्थांपैकी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जुलैमध्ये सांगितले, की रंग मीठप्रिय आर्कियांचा आहे. हे जीवाणूंहून वेगळे असे अतिप्राचीन वंशाचे सूक्ष्मजीव. पाऊस नाही, तापमान अधिक, बाष्पीभवन जोरात, अशा स्थितीत पाणी अधिक खारे झाले आणि ते फोफावले. त्यांच्या पेशीत गुलाबी रंगद्रव्य असते. आम्हाला सर्वांत आवडली ती या बातमीतली एक साधी गोष्ट. नमुन्याचे पाणी बाटलीत स्थिर ठेवले, की गुलाबी साका खाली बसे आणि वरचे पाणी नितळ होई. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात राहणाऱ्यांचा होता.

पण हे पूर्वी कधी, किती वेळा झाले होते? आम्ही हाती आलेल्या सगळ्या नोंदी चाळल्या. त्या एकेका भेटीच्या आहेत. कोणी एका हिवाळ्यात येऊन सामू मोजला, कोणी दुसऱ्या उन्हाळ्यात. दोन भेटींच्या मधल्या काळात सरोवराने काय केले ते या नोंदींतून कळत नाही. बाटली पुण्याला जाते, गाळ जर्मनीला जातो, पण रोजचे पाणी लोणारलाच राहते.

आणि या रोजच्या पाण्यावरच आता सगळे अवलंबून आहे. २००० मध्ये सरोवर अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर यादीत आले. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वरनंतरचे हे दुसरे स्थळ. यादीसाठी दिलेल्या माहितीत १६० जातींचे पक्षी व लांडग्यासह १२ सस्तन प्राणी नोंदलेले आहेत. मात्र संरक्षणाची आपली नेहमीची कल्पना येथे थोडी उलटी करावी लागते. इतरत्र तळे आटू लागले की आपण त्यात पाणी सोडतो आणि समाधान मानतो. लोणारमध्ये गोडे पाणी वाजवीपेक्षा अधिक उतरले तर खारेपणा पातळ होतो, सामू उतरतो, आणि लाखो वर्षांत जुळून आलेले जीव साध्या तळ्यातल्या जीवांपुढे हरतात. ते पाणी गावाचे सांडपाणी असेल तर त्याबरोबर नको ती खतावळही येते. उलट पाणी फारच आटले तर काय होते ते गुलाबी रंगाने दाखवले. या दोहोंमधली जागा अरुंद आहे. काठावर पसरणारी वेडी बाभूळ तोडावी हे सांगायला सोपे आहे. किती पाणी यावे हे सांगायला मात्र मोजमाप लागते.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर आम्ही नववीचा वर्ग घेऊन लोणारला गेलो. वनखात्याची परवानगी घेतली होती. उपकरणे म्हणाल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या, पेन्सिली आणि वह्या. हळद अल्कधर्मी पाण्यात लाल होते हे मुलांना कपड्यावरच्या डागावरून आणि साबणावरून ठाऊक होतेच. धारेपाशी पट्टी पिवळी राहिली. तेथून ओहोळाच्या कडेने खाली उतरत दर दहा पावलांवर एकेक पट्टी भिजवायची ठरले. वाटेत पाणकणसाच्या बेटात फुलपाखरे होती, तेथे बराच वेळ गेला, आणि तो जाऊ दिला. सरोवराच्या चिखलात ओहोळ शिरतो तेथे पट्टी नारिंगी झाली. पुढच्या काही पावलांवर गर्द लाल. मुले ओरडलीच. एका मुलीने लगेच विचारले, “सर, पावसाळ्यात हा लाल रंग इथंच येईल का?”

उत्तर आमच्याजवळ नव्हते. पावसाळ्यानंतर पुन्हा यायचे ठरले. वह्यांत पट्ट्या चिकटवल्या. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून पट्टी भिजवल्याबरोबर तिच्याशेजारी पेन्सिलीने लिहून टाकावे लागते : तारीख, जागा, काठापासूनची पावले आणि दिसलेला रंग.